महिलांचे राष्ट्रीय सामने

ता. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नेरूळ येथील डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर सुरू झालेल्या अंतिम सामन्यांत भारताच्या महिला-संघानें दक्षिण आफ्रिकेचा ५२ धांवांनीं पराभव करून क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु असा संघ तयार कोठें होतो, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. तो राष्ट्रीय सामन्यांत तयार होतो. त्यांचीच थोडी माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

राष्ट्रीय सामने म्हणजे एकाच देशांतील निरनिराळ्या प्रांतांच्या संघांनीं एकमेकांशीं खेळावयाचे सामने. ही पद्धति इतर देशांतही आहे. कॅनडांत 'कर्लिंग' नांवाचा खेळ आहे. सुमारे १७ ते २० किलो वजनाचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून घसरत सोडावयाचा व त्याच्यापुढें ब्रशानें बर्फ घांसून त्याची गति सांभाळावयाची. आपल्या गोट्यांचा थोरला भाऊच म्हणा ना! तेथील महिलांचे राष्ट्रीय सामने १९६१ पासून चालत आलेले आहेत, आणि सामान्यतः ते जिंकणारा संघच पुढें जागतिक सामन्यांस जातो. क्रिकेटांत तसें नाहीं. येथें सर्व प्रांतांतून एक-एक खेळाडू वेंचून घेतात. त्यामुळें हरलेल्या संघांतील मुलीसही संधि असते.

आपल्याकडील महिलांचे पहिले राष्ट्रीय सामने एप्रिल १९७३ मध्यें पुण्यास झाले. संघ किती आले होते? अवघे तीन! मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश. त्याच वर्षाच्या अखेरीस वाराणसीस आठ संघ जमले, व पुढें कलकत्त्यास चौदा. त्या काळच्या मुली रेल्वेच्या बिनआरक्षित डब्यांतून प्रवास करीत आणि मोठ्या सामायिक खोल्यांतून निजत. खेळून पदरीं पैसा पडत नसे. तरीही त्या खेळल्या, व १९७६ सालीं भारताच्या महिलांनीं वेस्ट इंडीजशीं पहिली कसोटी मालिका खेळली. महिलांच्या क्रिकेटची व्यवस्था पुरुषांच्या मंडळाकडे २००६ सालीं गेली. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठीं दोघांस सारखें मानधन देण्याचें २०२२ मध्यें ठरलें. मुलीनें खेळांत वेळ कां घालवावा, असें म्हणणाऱ्या पालकांनीं या सालांकडे एकवार पाहावें.

देशांतर्गत सामन्यांतच गुण प्रथम दिसून येतात. सांगलीच्या स्मृति मानधना हिनें २०१३ सालीं, एकोणीस वर्षांखालील सामन्यांत, महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धांवा केल्या. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्ज हिनें २०१७ सालीं तशाच सामन्यांत औरंगाबादेस सौराष्ट्राविरुद्ध नाबाद २०२ धांवा काढल्या. नेरूळच्या उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धांवा करणारी ती हीच.

परंतु आम्हांस सर्वांत बोलकें उदाहरण शेफाली वर्मा हिचें वाटतें. विश्वचषकाच्या मूळ संघांत तिचें नांवच नव्हतें. ती हरियाणाची कर्णधार म्हणून आंतरराज्य सामने खेळत होती. इतक्यांत सलामीची फलंदाज प्रतिका रावल जायबंदी झाली व शेफालीस बोलावणें आलें. उपांत्य सामन्यांत ती अवघ्या १० धांवांवर बाद झाली. तीनच दिवसांनीं, अंतिम सामन्यांत, तिनें ७८ चेंडूंत ८७ धांवा केल्या, गोलंदाजी करून दोन गडीही टिपले, आणि सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली.