जुने तांबे घेताना ठसा पाहा

व्यापारी बंधूंनो, मागच्या महिन्यात चंदगडचे एक ओळखीचे गिऱ्हाईक माझ्या दुकानात आले. कापडासाठी नव्हे, तर तांब्याचे एक नाणे दाखवायला. एका बाजूस 'ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, १८१८', दुसऱ्या बाजूस देवादिकांचे चित्र. पाच हजार रुपये मोजले होते. "भाई, मुंबईत कोणाला तरी विकून द्या, तुमचे कमिशन घ्या," असा त्यांचा आग्रह होता.

मला सांगावे लागले की कंपनीने एक आण्याचे नाणे कधी पाडलेच नाही. आपल्याकडे ते प्रथम १९०७ साली निघाले, तेही निकेलच्या मिश्रधातूचे. मक्का-मदिनेच्या चित्रांची टोकनेही अशीच फिरतात. ती श्रद्धेची, हौसेची वस्तू आहे. जुने चलन नव्हे.

मग खरे कोणते? मुंबई इलाख्यासाठी कंपनीने १७९१, १७९४ व १८०४ सालचे तांब्याचे पैसे बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीतून आणले. त्यांवर तराजू आहे आणि पारड्यांमध्ये फारसी लिपीत 'अदल' म्हणजे न्याय. उर्दू शिकलेल्यास हा शब्द चटकन वाचता येतो.

नकली आणि असली यांमध्ये तिसरा प्रकार आहे, रिस्ट्राईक. म्हणजे ठसा जुना, पण माल नंतर पाडलेला. मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींनीही संग्राहकांसाठी अशी नाणी पाडली. अमेरिकेने आपल्या स्वातंत्र्ययुद्धातील सेनानींसाठी पॅरिसला पदके करविली. त्यांच्या तांब्याच्या प्रती तेथे पुढेही पाडल्या गेल्या. मात्र १८३२ पासून ती टांकसाळ पदकाच्या कडेवर खूण ठोकू लागली. १८६० ते १८७९ मधमाशी, १८८० पासून फळाफुलांनी भरलेले शिंग. कड पाहिली की पदक कोणत्या काळात पाडले ते कळते. अशा पदकास किंमत कमी येते, पण त्यात लबाडी नाही.

आपल्या धंद्यातही हेच आहे. पॉवरलूमचे कापड विकणे गैर नाही, हातमागाचे सांगून विकणे ही फसवणूक. हुजूर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले. ऐब झाकून मिळवलेला नफा हलाल कसा होईल?

घेणाऱ्यांनी एवढे जपावे. सोनाराच्या काट्यावर वजन करा: १८३५ चा अर्धा आणा सुमारे १३ ग्रॅम, पाव आणा साडेसहा ग्रॅम भरतो, झिजलेला थोडा कमी. ओतीव नकलेच्या कडेस सांधा आणि अंगावर बारीक छिद्रे दिसतात. चिंचेने घासू नका, किंमत जाते. तांदूळ ओढणाऱ्या नाण्याची थाप ऐकू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून खुद्द बँकेनेच २०२१ साली सावध केले आहे.

त्या गिऱ्हाइकास मी कमिशन नाकारले. नाणे कोणाच्या गळ्यात मारू नका, म्हटले. पाच हजार गेले, पण ते नुकसान त्यांच्यापाशीच थांबले.