पान आहे, पण सापडत का नाही?

तुमच्या शाळेचे संकेतस्थळ आहे असे समजा. वर्षभर खपून तुम्ही मोजलेल्या पावसाच्या नोंदींचे पान त्यावर ठेवले आहे. पण शोधयंत्राला विचारले तर ते सापडतच नाही! असे का व्हावे?

शोधयंत्राचा ‘क्रॉलर’ हा प्रोग्राम एका पानावरील दुवा धरून दुसऱ्या पानावर जातो. अशा रीतीने वाचलेल्या पानांची सूची तयार होते. मग ज्या पानाकडे एकही दुवा जात नाही, तिथे तो पोहोचणार कसा?

यावर उपाय म्हणजे ‘साइटमॅप’, म्हणजेच संकेतस्थळावरील पानांच्या पत्त्यांची यादी. पान शेवटचे केव्हा बदलले, ती तारीखही तीत देता येते. गूगलने ही पद्धत २००५ साली सुरू केली. २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनीही ती स्वीकारली. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते देता येतात.

मात्र यादीत पत्ता आला म्हणजे पान शोधात दिसेलच, अशी खात्री नसते. शिवाय ही यादी यंत्रासाठी असते. वाचकाला वाट दाखवायची तर पानापानांतून दुवे हवेत. विषयवार अनुक्रमणिकेचे एक पान असल्यास अधिकच सोय होते.

एक प्रयोग करून पाहा. कागदावर प्रत्येक पानासाठी एक चौकोन आणि प्रत्येक दुव्यासाठी एक बाण काढा. मुखपृष्ठ सोडून ज्या चौकोनाकडे एकही बाण येत नाही, तेच तुमचे हरवलेले पान!