कबड्डीला सात गडी हवेत!

मुलांनो, तुमच्या वर्गात किती जण आहेत? चाळीस? पन्नास? मी नांदूरघाट परिसरातल्या एका वाडीवर शिकवतो. आमच्या अख्ख्या शाळेत, पहिली ते चौथी मिळून, अकरा मुलं! कबड्डीला एका बाजूला सात गडी लागतात. मग मी स्वतःच खेळायला उतरतो आणि हमखास बाद होतो. तरी चौदा काही भरत नाहीत.

दिवाळी झाली, की केज तालुक्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. पट आणखी रोडावतो.

अशा छोट्या शाळांचं काय करायचं? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी एक पत्र काढलं. वीसपेक्षा कमी पटाच्या जवळपासच्या शाळा एकत्र करून मोठी 'समूह शाळा' करता येईल का, ते पाहा, असं त्यात होतं. नमुना म्हणून तोरणमाळ (जि. नंदुरबार) आणि पानशेत (जि. पुणे) इथल्या शाळा सांगितल्या होत्या. तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा होत्या १४,७८३ आणि त्यांत मुलं सुमारे १ लाख ८५ हजार. भागाकार करा बरं! शाळेमागे बारा-तेरा मुलं येतात की नाही?

मोठ्या शाळेत गणिताला वेगळे सर, विज्ञानाला वेगळ्या बाई. शिवाय प्रयोगशाळा, ग्रंथालय. आमच्याकडे दोन शिक्षक आणि चार वर्ग. एका वर्गाला पाढे लिहायला लावायचे, तेवढ्यात दुसऱ्याला कविता शिकवायची. खोटं कशाला सांगू, मोठ्या शाळेचा मलाही मोह होतो.

अमेरिकेत हे फार जुनं आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यानं १८६९ सालीच कायदा केला, की मुलांना शाळेत नेण्या-आणण्याचा खर्च सरकारी पैशातून करता येईल. आधी घोडागाड्या आल्या, मग मोटारी.

आपलं घोडं नेमकं गाडीपाशीच पेंड खातं! आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत. समूह शाळांना पालकांनी आणि शिक्षकांनी विरोध केला, तो या अंतरापायीच. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण एसटी वाडीपर्यंत यायला नको का? "ओढ्याला पाणी आल्यावर पोरीला कुणाच्या भरवशावर धाडू, गुरुजी?" असं एका आजीनं मला विचारलं. मी गप्पच बसलो.

आमच्याकडून चौथी होऊन गेलेली एक मुलगी परवा भेटली. आता सातवीत आहे, दूरच्या मोठ्या शाळेत. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा कसा विटांच्या भिंतीसारखा दिसतो, ते हात हलवून हलवून सांगत होती.

"आणि कबड्डी? आता तर सात गडी असतील!"

"आहेत की, गुरुजी. पण सराव शाळा सुटल्यावर असतो. तोवर थांबलं, तर आमची जीप निघून जाते."