साखळी, दात आणि धानाचा चिखल

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी हे वैनगंगेच्या खोऱ्यातील, धानाच्या पट्ट्यातील गाव असल्यामुळे तेथील मोटारसायकल हे केवळ प्रवासाचे वाहन राहत नाही. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या पेंढ्या, पुढे खताची पोती आणि हंगामाच्या शेवटी धानाचे कट्टे घेऊन ती पांदण रस्त्याने बांधीच्या धुऱ्यापर्यंत जाते. या श्रमाचा सर्वाधिक ताण इंजिनाची शक्ती मागच्या चाकाला पोहोचवणाऱ्या साखळीवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील चेनवर, आणि तिच्या दोन टोकांच्या दातेरी चक्रांवर पडतो. तरीही गाडीत सर्वांत कमी लक्ष तिच्याकडेच दिले जाते.

आजची रोलर साखळी मूळच्या स्विस, पण मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये सिद्ध केली. त्याआधीच्या साखळीत रोलर थेट पिनेवर फिरत असे, त्यामुळे घर्षण अगदी अरुंद जागेत एकवटून पिन लवकर झिजे. रेनॉल्ड यांनी पिन आणि रोलर यांच्यामध्ये बुश, म्हणजे पोकळ नळी, बसवून तो भार रुंद पृष्ठभागावर पसरवला, आणि एवढ्याशा सुधारणेवर सायकलीपासून मळणीयंत्रापर्यंतची यंत्रसृष्टी उभी राहिली. महाराष्ट्रात मात्र खेड्यातल्या मिस्त्रीचा मोटारसायकलच्या साखळीशी दाट परिचय तुलनेने उशिरा झाला असे म्हणावे लागेल, कारण आकुर्डीच्या बजाज चेतकसारख्या स्कूटरमध्ये शक्ती गिअरमधूनच थेट चाकाला मिळत असे आणि साखळी मुळी नसेच. 1985 मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी 100 नंतर फोर-स्ट्रोक इंजिनाच्या किफायतशीर गाड्या गावोगाव पोहोचल्या, तसे साखळीचे काम वाढत गेले.

साखळी 'ताणली गेली' असे म्हटले जाते, पण तिच्या लोखंडी पट्ट्या सहसा ताणल्या जात नाहीत. झिजतात त्या पिना आणि बुश. 100 सीसी गटातील अनेक गाड्यांच्या साखळीत दोन लगतच्या पिनांमधील अंतर 12.7 मिलिमीटर असते, आणि दर कडीमागे पाव मिलिमीटर झीज झाली तरी शंभर कड्यांची साखळी सुमारे 25 मिलिमीटरने, म्हणजे पुऱ्या दोन कड्यांइतकी, लांबते. वैनगंगेकाठची बारीक रेती तेलात कालवली गेली की तिची घासणी पिनेपर्यंत पोहोचते. अंतर वाढलेली साखळी दातांच्या खाचेत नीट न बसता वर चढते, दात एका बाजूला झुकून टोकदार होतात, आणि अशा दातांवर नवी साखळी चढवली तर तीही अल्पावधीत खराब होते; म्हणूनच साखळी आणि दोन्ही चक्रे हा संच एकदम बदलायचा असतो, एकेक भाग बदलून वाचवलेल्या पैशाच्या दुप्पट खर्च लवकरच करावा लागतो.

बदलण्याच्या कामात एक जुनी युक्ती उपयोगी पडते: पुढचे चक्र पक्के असेपर्यंत जुन्या साखळीच्या टोकाला नवी साखळी लॉकने, म्हणजे उघडता येणाऱ्या जोडकडीने, जोडून ओढली की ती आपोआप जागेवर येते, पुढचे चक्रही बदलायचे असल्यास अर्थातच त्याचे कव्हर आधी काढावे लागते. शेवटी लॉकची क्लिप बसवताना तिचे बंद टोक साखळीच्या धावण्याच्या दिशेला ठेवावे, नाहीतर घासून ती निसटू शकते. साखळीच्या खालच्या पट्ट्याच्या मध्यावर साधारण 20 ते 30 मिलिमीटर ढील ठेवतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, आणि त्याहून घट्ट साखळीचा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो.

खरा वाद दातांच्या संख्येचा आहे. पुढच्या चक्राला 14 आणि मागच्याला 42 दात असलेल्या गाडीत पुढचे चक्र तीन फेरे फिरले की मागचे चाक एकदा फिरते. पुढे 13 दातांचे चक्र बसवल्यास हे प्रमाण 3.23 होते, चाकावरची ओढ सुमारे 8 टक्क्यांनी वाढते आणि त्याच इंजिनगतीला वेग सुमारे 7 टक्क्यांनी घटतो. पुढे 15 दात दिल्यास उलट परिणाम होऊन सपाट रस्त्यावर इंजिन शांत चालते, पण कट्टे लादून चढ चढताना सतत खालचा गिअर टाकावा लागतो. पुढचा एक दात बदलणे स्वस्त आणि पटकन होणारे असल्यामुळे लोक तोच मार्ग धरतात, परंतु लहान चक्रावर साखळी अधिक तीव्र कोनात वळते, धक्के वाढतात आणि झीजही वाढते. तेवढीच ओढ हवी असल्यास मागे 45 दातांचे चक्र (प्रमाण 3.21) हा साखळीच्या दृष्टीने अधिक चांगला पर्याय ठरतो, मात्र त्यासाठी साखळीत बहुधा दोन कड्या वाढवाव्या लागतात आणि चेनकव्हरमध्ये ते चक्र मावते का हे आधी पाहावे लागते. कड्या जोडीनेच वाढतात, कारण आतली आणि बाहेरची कडी आळीपाळीने येते.

पूर्ण बंद चेनकव्हर धूळ अडवते खरे, पण तेच साखळी मालकाच्या नजरेआड ठेवते, आणि चिखलाच्या हंगामात नेमके हेच महाग पडते. करडीसारख्या पट्ट्यात कंपनीने ठरवलेले दात तसेच ठेवावेत, संच तिन्ही भागांसह बदलावा, आणि रोवणी आटोपताच कव्हर उघडून साखळी रॉकेलने धुऊन, सुकवून गिअर ऑइल द्यावे. मग दात बदलण्याचा खर्च बहुतेक मालकांना करावाच लागणार नाही.