नागपूरचं ऊन, जर्मनीचं बिल

'पीएम सूर्यघर'मधून ३ किलोवॅट सोलरला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. ठीक. पण पॅनल मुळात स्वस्त झालं कसं? जर्मनीने २००० साली कायद्याने सौर विजेला चढा, हमीचा दर दिला. भार तिथल्या ग्राहकांच्या बिलात. मागणी वाढली, चिनी कारखाने मोठे झाले, भाव कोसळले. भरलं जर्मनांनी, लावतोय आपण!

आता आपली गंमत. पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजतात. मे महिन्यात नागपुरात पॅनल ६५च्या घरात तापतं. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट, म्हणजे १४ टक्के गेलेच. वर धूळ. म्हणून पहाटेच पाइप घेऊन गच्चीवर चढतो. तापल्या काचेवर गार पाणी मारायचं नसतं. समोर कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी. रात्रीचा कूलर अजून त्यांच्याच भरवशावर.