स्वतंत्र सुरक्षा सल्लागाराचा व्यवसाय

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन सर्वसाधारणपणे १,००० वा अधिक कामगारांच्या कारखान्यांवर होते आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा ५०० वर, तर धोकादायक प्रक्रियांसाठी २५० वर आणली असली, तरी औद्योगिक वसाहतींतील बहुतेक लहान कारखाने तिच्या बाहेरच राहतात. स्वतंत्र सल्लागाराला वाव आहे तो मुख्यतः तेथे. अभियांत्रिकी वा विज्ञानाची पदवी, प्रत्यक्ष उत्पादन विभागातील अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची पदविका (मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत हा अभ्यासक्रम चालतो) ही त्याची नेहमीची शिदोरी होय, आणि तिच्यात अनुभवाचे वजन सर्वाधिक. सुरक्षा लेखापरीक्षण, म्हणजे आयएस १४४८९ या भारतीय मानकाच्या आधारे केलेली पद्धतशीर तपासणी, करताना नोंदवह्या जागेवरच्या कामाशी ताडून पाहाव्या लागतात: बंदिस्त टाकीत उतरण्याच्या परवान्यावर वायुचाचणीची वेळ कामगार आत गेल्यानंतरची असेल, तर चाचणीचा हेतूच फसलेला असतो. असा शेरा मालकाला क्वचितच रुचतो आणि शुल्क तर तोच देणार असतो; म्हणून अहवालाची व्याप्ती व शुल्काचे टप्पे तपासणीपूर्वीच लेखी ठरवून घेणे नवख्याच्या हिताचे असते.