नाव दफ्तराचे, हात भामट्याचा

दिवेलागणीच्या सुमारास मोबाइलवर एक संदेश येतो की मागील महिन्याचे देयक अद्ययावत न झाल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येणार असून तत्पूर्वी अमुक अधिकाऱ्याशी अमुक क्रमांकावर संपर्क साधावा. आणि ज्या घरी वृद्ध दांपत्य एकटेच राहते, तेथे त्या एका संदेशाने जी धांदल उडते तिच्यावरच भामट्याचा सारा व्यापार चालतो. २०२२ साली महाराष्ट्रात असे संदेश इतके फिरले की महावितरणला ग्राहकांना वारंवार सावध करावे लागले. फोन लावला असता पलीकडचे ‘साहेब’ अदबीने बोलतात, एनीडेस्कसारखे, मोबाइलचा पडदा दुसऱ्यास दाखविणारे एखादे ॲप उतरवून घ्यावयास सांगतात, दहा रुपयांसारखी क्षुल्लक रक्कम भरावयास लावतात, आणि ती भरताना उमटणारा आकडा न् आकडा, बँकेचा ओटीपीसुद्धा, आपल्या पडद्यावर स्वस्थपणे वाचून घेतात.

संस्थेचे नाव, बोधचिन्ह, शिक्का, पत्राचा मायना, फार काय कचेरीच्या भाषेतील रुक्षपणाही चोरता येतो; चोरता येत नाही ती तिची कार्यपद्धती, कारण ती पाळावयाची तर मुदत द्यावी लागते, आणि मुदत मिळालेला मनुष्य शेजाऱ्याला विचारतो, मुलाला फोन करतो, वीज कार्यालयात जाऊन चौकशी करून येतो. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ अन्वये थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी ग्राहकास पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस बजावावी लागते. तेव्हा आजच्या आज तोडण्याची धमकी हाच त्या संदेशाच्या खोटेपणाचा पुरावा होय. शिवकालीन पत्रांत मजकूर संपताच मर्यादामुद्रा उमटवीत, ती तिच्याखाली कोणास एक अक्षरही घुसडता येऊ नये म्हणून. हुकूम खरा की बनावट हे शिक्क्याच्या देखणेपणावरून नव्हे, तर तो उमटण्याच्या ठरलेल्या रीतीवरून पारखावे, हे शहाणपण आपल्या दफ्तरांत पूर्वापार आहे.

याहून क्रूर प्रकार ‘डिजिटल अरेस्ट’चा. सीबीआय, ईडी किंवा मुंबई पोलिसांच्या नावाने व्हिडिओ कॉल येतो, तुमच्या आधार क्रमांकावर पाठविलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडल्याचे सांगितले जाते, आणि मग कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरच्यांशीही बोलू नका, ‘पडताळणी’साठी पैसे या खात्यात वर्ग करा, असे फर्मान सुटते. २०२४ साली लुधियानातील एका वयोवृद्ध उद्योगपतींपुढे सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीच उभी करून सुमारे ७ कोटी रुपये उकळण्यात आले; अशा अनुभवी गृहस्थांची जेथे ही गत, तेथे एखाद्या निवृत्त शिक्षिकेला भोळी म्हणून दोष देणे मला अन्यायाचे वाटते. कॅमेऱ्यातून करावयाची अटक आपल्या कायद्यात कोठेच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ प्रमाणे अटक करणाऱ्या अंमलदाराचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे, अटकेचा लेखी मेमो झाला पाहिजे आणि त्यावर कुटुंबातील कोणाची अथवा वस्तीतील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष पडली पाहिजे. कायदा साक्षीदार बोलवावयास सांगतो. भामटा दार लावून घ्यावयास सांगतो.

पैसे गेल्यावर मात्र ‘तुम्ही फसलातच कसे’ ही विचारणा घरात कोणीही करू नये, कारण त्या शब्दांच्या धास्तीनेच वडीलधारी माणसे दोन-दोन दिवस गप्प राहतात, आणि तोवर रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पांगलेली असते. तत्क्षणी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक फिरवून व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम सांगितली, तर वाटेत एखाद्या बँकेत पडून असलेला पैसा तेथेच रोखून धरता येतो.